बॅटरी धरणारा

मारलं मी नाही.
हे आधीच सांगून टाकतो.
एकोणीस वर्षं हेच सांगत आलोय,
ते पण स्वतःलाच. बाकी कुणी विचारलं नाही.
मी नुसती बॅटरी धरली होती.

येरळेच्या कोरड्या पात्रात
द्राक्षाचे क्रेट वाहणारी पिकअप आडवी लावून
संपतकाका म्हणाले, हातावर मार उजेड.
मी हातावर मारला.

हात सुगतचे.
गावातली कुठलीही जळकी मोटर त्या हातांपुढं उघडी व्हायची,
तांब्याची तार केसाएवढी,
तो मोजत मोजत भरायचा, मध्ये कुणाशी बोलायचा नाही,
आणि वार्निशचा वास दोन दिवस बोटांना.
आमच्या विहिरीत उतरायला तो चालायचा.
उंबऱ्याला नाही.
त्यानं चढवलेलं पाणी बागेला, जनावरांना, देव्हाऱ्याला चालायचं,
त्याला चहा मात्र गोठ्याच्या वळचणीच्या
कान तुटक्या कपात.

वैजूनं एकदा घरातला पेला दिला.
स्टीलचा, आज्याचं नाव कोरलेला.
आणि दोघं कशाला तरी हसले,
एवढंच शेजारच्या बांधावरनं दिसलं.
एवढ्यावर पाच गडी जमले.

आता काका वाईट होते असं म्हणू का?
तालमीत माझ्या कानाला तेल लावायचे ते.
गाय विकली तेव्हा मी रडलो,
तर भर चौकात बांगड्या आणून ठेवल्या पुढ्यात,
म्हणाले, भर की.
आमच्यात बाप्या रडत नाही.
आमच्यात बाई मोठ्यानं हसत नाही.
आमच्यात हे चालत नाही, ते चालत नाही,
आणि काय चालतं ते कुणी सांगायचं नाही,
ते रात्री भिंतीपलीकडनं ऐकू यायचं.
काकूच्या कपाळावरची खोक म्हशीच्या शिंगाची,
हे म्हशीलासुद्धा पटलं असावं,
बिचारी काकूपुढं मान खाली घालून उभी राहायची.

त्या रात्री परत येताना ढाब्यावर थांबलो.
काकांनी त्यांच्या ताटातली नळी माझ्या ताटात टाकली.
आता गडी झालास.
सतरा वर्षांचा होतो. नळी चोखली.
चव लागली, हे लपवत नाही.

अकरा दिवसांत वैजूला गलाईवाल्याला दिली,
तिकडं सेलमला, जिथनं माहेरी यायला दोन रात्री लागतात.
राखी येते दरवर्षी, पोस्टानं.
पाकिटात चिठ्ठी नसते.
पत्त्यावर माझं नाव, वडिलांचं, आडनाव, तालुका, पिनकोड.
दादा कुठंच नाही.

सुगतनं मोटरसायकलवरनं पडलो असं लिहून दिलं.
अंगठा उठवला, म्हणजे त्यांनी उठवून घेतला.

काकांचा फ्लेक्स परवा लागला चौकात.
तलवारीनं केक कापला.
मी टाळ्या वाजवल्या, क्रीम पुसलं, पोरांना प्लेटा वाटल्या.

गेल्या मार्चात सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागं,
रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो मोटर घेऊन.
तार एक पोरगं भरत होतं,
शेजारी खुर्चीत बसून तो वेढे मोजत होता.
हात मांडीवर, नीट ठेवलेले, कुणी दुसऱ्यानं ठेवल्यासारखे.
माझ्याकडं बघितलं. ओळखलं नाही.
कसं ओळखणार,
उजेडाच्या मागचा माणूस दिसत नसतो.
कुठलं गाव, म्हणाला.
मी कवलापूर सांगितलं.
परवा न्या, म्हणाला, आणि पोराला: एकशे बारा झाले, पुढं.

काल लाइट गेली.
स्टार्टरची पेटी उघडून मी उभा,
पोरगं मोबाइल घेऊन शेजारी. सात वर्षांचं आहे.
कुठं मारू पप्पा, म्हणाला,
आणि मी काही बोलायच्या आत
त्यानं माझ्या हातावर मारला.